रिपोर्ट ‘निरंक’ आला म्हणजे काय?



या सदरात आपण बहुधा मावा-तुडतुडे, खतांच्या मात्रा आणि कांद्याची साठवण याविषयी बोलतो. आज विषय माणसाच्या यकृताचा आहे. मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणी कोणती गोळी घ्यावी, हे मी सांगणार नाही. पण गावोगाव हिंडताना माणसे पिकाचे विचारून झाले की घरचेही विचारतात. गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या घरांतून मला एकच गोष्ट विचारली गेली. “साहेब, हिपॅटायटीस बी चा रिपोर्ट निरंक आलाय. आता घरातल्यांना धोका नाही ना? आणि गोळी बंद केली तर चालेल ना?”

हे दोन प्रश्न आहेत, पण माणसे ते एका दमात विचारतात. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी दिलासा देणारे आहे. दुसऱ्याचे उत्तर साफ ‘नाही’ असे आहे. गोंधळ होतो तो असा, की पहिल्या उत्तराच्या आनंदात लोक दुसऱ्याचेही उत्तर आपणच देऊन टाकतात. म्हणून मी आमच्या तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे दोन संध्याकाळी बसून हा विषय नीट समजावून घेतला.

‘निरंक’ हा शब्द आम्हां सरकारी नोकरांच्या अंगवळणी पडलेला आहे. गावागावांतून कीड-रोगाचे तक्ते येतात आणि त्यात ‘लष्करी अळी – निरंक’ असे लिहिलेले असते. वाचणारा समजतो, अळी नाही. त्याचा खरा अर्थ इतकाच, की लिहिणाऱ्याला अळी दिसली नाही. तो शेतात किती आत गेला होता आणि पाने उलटून पाहिली होती का, हा प्रश्न वेगळा. (चावडीवर बसून भरलेले तक्तेही मी पाहिले आहेत, पण तो आजचा विषय नाही.) प्रयोगशाळेचा तक्ता चावडीवर भरलेला नसतो, तो प्रामाणिकच असतो. पण तिथेही ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘रक्ताच्या नमुन्यात यंत्राला मोजता येईल इतका विषाणू सापडला नाही’ एवढाच असतो. यकृताच्या आत काय आहे, हे तो कागद सांगत नाही.

आमच्या भागातले एक कांदा-डाळिंबाचे घर आहे. त्यांच्या संमतीने सांगतो आहे, पण नाव-गाव सांगत नाही. थोरला मुलगा तिशी ओलांडलेला, पन्नास किलोची गोणी सहज पाठीवर घेणारा. २०१९ साली गणेशोत्सवात रक्तदान शिबिर झाले. त्याने हौसेने रक्त दिले, आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे आले, की येऊन भेटा. रक्तात ब-कावीळीचा, म्हणजे हिपॅटायटीस बी चा विषाणू सापडला होता. डोळे पिवळे नाहीत, भूक मेलेली नाही, ताप नाही. घरात कोणाचा विश्वास बसेना.

विश्वास न बसण्याचे कारण आपल्या ‘कावीळ’ या शब्दातच आहे. आपण डोळे-लघवी पिवळी झाली की कावीळ म्हणतो. पावसाळ्यात गावात दहा-वीस माणसांना एकदम होते ती बहुधा दूषित पाण्याची कावीळ असते. तिचे विषाणू वेगळे, ए आणि ई या नावांचे. ती बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपली आपण ओसरते, आणि त्याचे श्रेय गळ्यात माळ घालणाऱ्याला किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवणाऱ्याला’ मिळते. बी हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला येतो. मोठ्या माणसाला तो लागला तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जण त्याला अंगातून हुसकावून लावतात. पण जन्मताना बाळाला लागला आणि लस मिळाली नाही, तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा वस्तीला राहतो. वीस-तीस वर्षे काही बोलत नाही. मग एखाद्याचे यकृत हळूहळू कठीण, गाठाळ होत जाते, पोटात पाणी होते, आणि काहींना यकृताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात सुमारे तीन कोटी लोक हा विषाणू अंगात घेऊन वावरत होते. त्यांतल्या बहुतेकांना त्याची कल्पनाही नाही.

आपल्या या मुलाच्या रक्तात, दर मिलीलिटरला दोन कोटींच्या वर विषाणू निघाले. यकृताची तपासणीही बिघडलेली होती. जिल्हा रुग्णालयात टेनोफोव्हिर नावाची गोळी सुरू झाली, रोज एक. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्याखाली ही तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जरूर चौकशी करावी. विषाणू सापडलेल्या प्रत्येकालाच गोळी लागते असे नाही. यकृत चांगले आणि विषाणू थोडे असतील तर डॉक्टर नुसते ठरावीक मुदतीने तपासत राहतात. ते ठरवणे त्यांचे काम.

घरी काय झाले? आईने मुलाचे ताट-वाटी-तांब्या वेगळा केला. अंथरूण ओसरीवर गेले. चार वर्षांच्या नातवाला बापाच्या ताटातला घास घेऊ देईनात. आणि दुसरीकडे सुनेची तपासणी झाली, ती निर्दोष आली, डॉक्टरांनी “लस घेऊन टाका” म्हणून सांगितले, तर कांद्याची लागण चालू आहे, मग खुरपणी आहे, असे करत ती लस राहूनच गेली. म्हणजे ज्या गोष्टीने काही होत नाही ती काटेकोरपणे पाळली, आणि ज्या गोष्टीने माणूस वाचतो ती राहिली. मी दोष देत नाही. ताट वेगळे करायला पैसे लागत नाहीत आणि एस.टी.ही धरावी लागत नाही.

दीड वर्षाने रिपोर्ट आला, विषाणू आढळला नाही. घरात पेढे वाटले. पण त्याच फाईलमध्ये दुसरा एक कागद होता, एचबीएसएजी या तपासणीचा. तो अजून ‘पॉझिटिव्ह’ म्हणत होता. एक कागद म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही. मुलाने मला विचारले, “साहेब, यातला खरा कुठला?”

दोन्ही खरे. हे समजावयाला मला लव्हाळा उपयोगी पडतो. लव्हाळा ज्याने काढला आहे त्याला जास्त सांगायला नको. खुरपून, फवारून रान स्वच्छ दिसते, पाहुण्याला दाखवावे इतके स्वच्छ. पण जमिनीत गाठी असतात. विषाणूनेही यकृताच्या पेशींच्या अगदी केंद्रात आपल्या बियाण्याच्या अशा गाठी करून ठेवलेल्या असतात. गोळी काय करते? त्या बियाण्यावरून नव्या प्रती निघण्याचे काम अडवते. नवी फूट येत नाही, म्हणून रक्त स्वच्छ होते, यकृतावरचा मार थांबतो, सूज उतरते, झालेले थोडेफार नुकसानही भरून येऊ लागते. पण आजच्या गोळीला ती गाठ उकरून काढता येत नाही. एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या अंगावरचे आवरण. ते त्या गाठींच्या जोरावर तयार होतच राहते, म्हणून तो कागद पॉझिटिव्ह राहतो. फार थोड्या रोग्यांत वर्षानुवर्षांच्या उपचारानंतर तोही नाहीसा होतो. बाकीच्यांनी त्याची वाट पाहत खंतावू नये.

आता पहिला प्रश्न, घरातल्यांना धोका किती? साधा हिशेब असा, की रक्तात विषाणू जितके जास्त तितकी लागण जास्त, जितके कमी तितकी कमी. याचा सर्वांत पक्का पुरावा गरोदर बायकांचा आहे. आईच्या रक्तात दर मिलीलिटरला दोन लाख आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त विषाणू असतील, तर बाळाला जन्मतः लस टोचूनही काही बाळांना लागण होते. अशा आईला गरोदरपणाच्या उत्तरार्धात, बहुधा सातव्या महिन्यापासून किंवा त्याआधीही, टेनोफोव्हिर दिली आणि विषाणू त्या रेषेच्या खाली आणले, शिवाय बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि शक्यतो १२ तासांच्या आत तयार प्रतिद्रव्याचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे, इंजेक्शन दिले, तर लागण जवळजवळ थांबते. बाळाला पुढचे डोस सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला नेहमीच्या लसीकरणात मिळतात. आईने अंगावर खुशाल पाजावे, दुधातून हा रोग जात नाही. बाळ नऊ महिन्यांचे झाल्यावर एकदा रक्त तपासून खात्री करून घ्यावी.

नवरा-बायकोचेही तसेच. गोळीने विषाणू दबलेला असला की जोडीदाराला लागण होण्याचा संभव फारच घटतो. पण इथे डॉक्टर जरा जपून बोलतात. एच.आय.व्ही.च्या बाबतीत, औषधाने विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून तो जात नाही, असे मोठ्या अभ्यासांवरून ठामपणे म्हणता येते. हिपॅटायटीस बी ला तेच वाक्य जसेच्या तसे लावू नये. तसे लावायची गरजही नाही, कारण एच.आय.व्ही.ला लस नाही, याला आहे, आणि चांगली आहे. जोडीदाराचे रक्त आधी तपासायचे. निर्दोष असेल तर तीन डोस घ्यायचे, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिद्रव्याची तपासणी करायची. आकडा दहा किंवा त्याच्या वर आला की जोडीदार सुरक्षित, मग नवऱ्याचा रिपोर्ट काहीही म्हणो. तोपर्यंत निरोध वापरावा. म्हणजे बायकोची सुरक्षितता नवरा आज गोळी विसरला की नाही, यावर ठेवू नये. तिच्या स्वतःच्या अंगात ती असावी.

आणि रक्तदान? ते मात्र कायमचे बंद. रिपोर्ट निरंक असला तरी. शिबिरात मित्र आग्रह करतात म्हणून कोणी गप्प राहून रक्त देऊ नये.

ताटाचे काय, ते स्पष्ट लिहितो. एकत्र जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्याल्याने, मिठी मारल्याने, खोकल्या-शिंकल्याने, लेकराला मांडीवर घेतल्याने हिपॅटायटीस बी होत नाही. विषाणू दबलेला असो वा नसो. मला एका आजीने विचारले, की त्याने धार काढली तर ते दूध डेअरीला घालावे का? घालावे. गायी-म्हशींना हा रोग होत नाही, आणि माणसाला तो दुधातून, अन्नातून येत नाही.

जपायचे ते रक्ताला. दाढीचे पाते, नखे काढायचे यंत्र, दात घासायचा ब्रश हे प्रत्येकाचे वेगळे. आपल्याकडे दोघे भाऊ एका वस्तऱ्याने दाढी करतात, ते बंद. न्हाव्याकडे पाते नवे लावले की नाही हे डोळ्यांनी पाहावे. त्याला राग येत नाही, आला तर येऊ द्यावा. जत्रेतले गोंदण आणि एकाच सुईने सगळ्या पोरींचे कान टोचणे नको. शेतात कोयता, विळा, खुरपे लागले तर जखम धुऊन पट्टी बांधल्याशिवाय तेच हत्यार दुसऱ्याच्या हाती देऊ नये. सांडलेले रक्त हाताला प्लॅस्टिकची पिशवी लावून पुसावे आणि त्या जागी ब्लीचिंगचे पाणी टाकावे. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो, हे लक्षात असू द्यावे.

आणि सुई! अंग दुखले की “एक इंजेक्शन द्या” म्हणण्याची आपल्याला भारी सवय. २००९ साली गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात ब-कावीळीची मोठी साथ उसळली आणि अनेक माणसे दगावली. वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्याचे उघडकीस आले. हात जोडून सांगतो, गोळीने भागत असेल तर सुई मागू नका, आणि सुई घ्यावीच लागली तर तुमच्यासमोर नवी फोडायला सांगा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, आणि परत त्या घराकडे.

२०२२ च्या उन्हाळ्यात कांदा मातीमोल झाला होता. जिल्हा रुग्णालयात जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी, भाडे, शिवाय रांग. त्यातून रिपोर्ट निरंक, अंगात बळ. मुलाने विचार केला, की आता उगाच कशाला? कोणाला न सांगता गोळी सोडली. दोन-अडीच महिने काही झाले नाही. मग थकवा, मग अन्नाचा वास नकोसा, मग डोळे हळदीसारखे. आईने आधी माळ घातली, मग शेजारच्या गावी नेऊन कावीळ उतरवली, एकदा नव्हे, दोनदा. आठ दिवस गेले. रुग्णालयात नेले तेव्हा तो बोलता बोलता झोपी जात होता आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावली होती. गोळी थांबली, गाठी फुटल्या, विषाणू एकदम वाढला, आणि शरीराने त्याच्यावर हल्ला करताना स्वतःचेच यकृत भाजून काढले. तीन आठवड्यांनी तो घरी आला. सगळेच येत नाहीत.

आणि एक हिशेब कोणी केला नव्हता. ज्या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू पुन्हा कोटींत गेला होता, त्या दिवसांत बायकोला वाटत होते रिपोर्ट निरंक आहे. तिला लस नव्हती. सुदैवाने तपासणीत ती निर्दोष निघाली आणि त्याच आठवड्यात तिचा पहिला डोस झाला. नातवाचे सगळे डोस लहानपणीच झालेले होते.

तेव्हा गोळी कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. पुष्कळांना ती वर्षानुवर्षे, कदाचित जन्मभर घ्यावी लागते. मधुमेहाची आपण घेतो, रक्तदाबाची घेतो, तशी ही. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी दुसरी बाटली आणावी. लग्नासराईत, आषाढीच्या वारीत, ऊसतोडीला जाताना पिशवीत पहिली ती टाकावी. या गोळीबरोबर अधूनमधून मूत्रपिंडाचे रक्त तपासतात, ते टाळू नये. गावठी असो की बाटलीतली, दारू पूर्ण बंद. झाडपाल्याचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण काही काढे यकृतालाच बाधतात. आणि ज्यांचे यकृत आधीच कठीण झाले आहे त्यांनी विषाणू दबलेला असला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. गोळीने कर्करोगाचा संभव कमी होतो, पण शून्य होत नाही.

एक गोष्ट माझ्या खात्यातली सांगतो, ती डॉक्टर सहसा सांगत नाहीत. भुईमूग आणि मका ओलसर साठवला की त्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९७४ साली राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन १०६ माणसे गेली. हे विष थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो, आणि अंगात हिपॅटायटीस बी असेल तर तो धोका कितीतरी पटीने वाढतो. आपल्याकडे चांगले दाणे बाजारात जातात आणि काळे, सुरकुतलेले घरच्या चटणीला राहतात! ही काटकसर नव्हे. शेंगा हलवल्यावर दाणे खुळखुळ वाजेपर्यंत वाळवाव्यात, आणि बुरशीचे दाणे फेकून द्यावेत. भाजल्याने ते विष पुरते जात नाही.

मी पपईच्या बागायतदाराला सांगतो, रोगट झाड दिसले की उपटून पुरून टाका, शेजारच्या झाडाची फिकीर करा. पिकाच्या विषाणूला याहून चांगला उपाय नाही. वाईट असे, की माणसाच्या बाबतीत आपण हाच धडा गिरवायला जातो. त्याला उपटता येत नाही म्हणून ओसरीवर टाकतो.

रुग्णालयातून सुटताना डॉक्टरांनी सांगितले, की आई आणि भावंडे यांचेही रक्त तपासा. आई चिडली. “मला काय धाड भरलीय? साठी आली, एक दिवस अंथरूण धरलं नाही.” धाकट्या मुलाने कसेबसे समजावून नेले. धाकटा निर्दोष निघाला. आईच्या रक्तात विषाणू सापडला. प्रमाण अगदी थोडे, यकृत ठाकठीक. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळीची गरज नाही, दर सहा महिन्यांनी दाखवत जा. थोरल्याला बहुधा जन्मतःच लागण झाली असावी, कारण त्या वर्षी गावात ही लस कोणाला ठाऊक नव्हती. यात कोणाची चूक नाही, असेही त्यांनी दोनदा सांगितले. म्हातारी काही बोलली नाही.

काही दिवसांनी मी कांदाचाळ पाहायला त्यांच्याकडे गेलो होतो. सुनेने पोहे दिले. बोलता बोलता ती हळूच म्हणाली, “साहेब, तुम्हीच सांगा आत्याबाईंना. आता त्यांनी स्वतःचं ताट वेगळं काढलंय. मी धुऊन मांडणीवर सगळ्यांत लावते, त्या पुन्हा उचलून बाजूला ठेवतात.” म्हातारी चुलीपाशी बसून ऐकत होती. मी म्हटले, “आई, तुमच्या हातचं जेवून कोणाला काही होत नाही. मीही आत्ता खाल्लंच की.” त्यावर तिने वर पाहिले नाही, पण म्हणाली, “आणि त्याला तीन वर्षं ओसरीवर निजवला, त्याचं काय?” मला उत्तर सुचले नाही. मुलगा तिथेच होता. “आई, ओसरीवर वारं चांगलं लागायचं गं,” म्हणाला आणि चाळीकडे निघून गेला. सुनेने त्या दोन्ही थाळ्या उचलून बाकीच्यांत मिसळल्या.

मी उठताना म्हातारीनेच मला थांबवले. तिची एक मुलगी सासरी आहे, पहिलटकरीण, पाचवा महिना चालू आहे, सातव्यात माहेरी आणायची आहे. तिच्या तपासणीच्या कार्डात ब-कावीळीचा रकाना कोरा आहे, असे थोरल्याने फोनवर विचारून काढले होते. म्हातारीला एवढेच हवे होते, की बाळाला पहिल्या दिवसाची ती लस आपल्या रुग्णालयात मिळते का? मी सांगितले, लस मिळते. पण दुसरे इंजेक्शन, ते तयार प्रतिद्रव्याचे, लागले तर आधीच सांगून मागवून ठेवावे लागेल. आणि सातव्या महिन्याची वाट पाहू नका. मुलीचे रक्त आता, याच आठवड्यात तपासा, म्हणजे गोळी लागलीच तर वेळेवर सुरू होईल.

धाकटा भाऊ सोमवारी तिला आणायला जाणार आहे.